आठवी मूठ

९ जून, सोमवार

धुळ्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज लिहा. काय खाल्लं, कधी चिडल्या, कुठे निघाल्या, सगळं. म्हणून कपाशीच्या बियाण्यांच्या कंपनीची गेल्या वर्षीची डायरी काढली. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहिते. सासूबाईंना मी आई म्हणते, इथेही आईच लिहीन.

डॉक्टर म्हणाले, हे वय झाल्याचं लक्षण नाही, विसरण्याचा आजार आहे. बरा होणार नाही, हळूहळू वाढेल. योगेंद्र सुरतेला कापड मार्केटात, शनिवारी येतात नि रविवारी जातात, त्यामुळे हे ऐकायला मी एकटीच होते. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आई पहिल्यापासून विसराळूच आहे." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून ते त्यांनाच माहीत. माझ्या माहेरच्यांनी लग्नात पाचऐवजी चार साड्या आणल्या हे त्या पंचवीस वर्षं विसरल्या नव्हत्या.

आजचं. सहाला उठल्या. माझी कात्री सापडेना, चार ब्लाउज अडले. शेवटी तांदळाच्या डब्यात निघाली. वर मलाच म्हणाल्या, "तूच दपाडी व्हती." म्हणजे मीच लपवली. अकराच्या सुमाराला मी हूक लावत होते तेवढ्यात पिशवी घेऊन घराबाहेर. दोन तास सगळी आळी पालथी घातली. मग एक म्हातारे गृहस्थ त्यांना हाताला धरून घेऊन आले. धनसिंग नाना, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, आता घरीच असतात. मागच्याच गल्लीत राहतात नि मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"स्टेशनवर बठेल व्हत्या," ते म्हणाले. "मालपूरले जानं शे म्हने. मी बी बाजूले बठी गऊ. म्हनं, गाडी लेट शे आक्का, तवढामा चहा लेवूत."

मालपूर आईंचं माहेर. आईबाप जाऊन चाळीस वर्षं झाली. मी असते तर हेच सांगत बसले असते आणि स्टेशनवर भांडण झालं असतं. नानांच्या बायकोला, सुमनबाईंना, हाच आजार चार वर्षांपासून आहे. जाताना त्यांनी विचारलं, "तू कव्हय बठस माय?" मी म्हटलं, मला बसायला फुरसत नाही. ते हसले. मला त्या हसण्याचा राग आला.

माझं: पाळीचा अकरावा दिवस. खरं म्हणजे हे इथे लिहायचं नव्हतं.

१३ जून, शुक्रवार

आई: जेवण बरं. अंघोळीला दीड तास. पाणी अंगावर घेतलं की किंचाळतात.

डॉक्टरांच्या तिथल्या ताईंनी घरच्या माणसांसाठी छापलेला कागद दिला होता, तो आज वाचला. 'काळजी घेणाऱ्याने रोज एक तास स्वतःसाठी काढावा.' तो तास कोणत्या दुकानात मिळतो ते मात्र छापलेलं नाही. महिन्यातून एकदा धुळ्याला अशा घरच्यांची बैठक असते, तिलाही या म्हणतात. मी धुळ्याला गेले तर आईंपाशी कोण, आणि आईंना नेलं तर बैठकीत कोण बसणार?

२४ जून, मंगळवार

धुळ्याला गेले होते, बायकांच्या डॉक्टरकडे. आईंना रूपाकडे ठेवलं होतं. रूपा म्हणजे चुलत दीर योगराज यांची बायको. चार तासांत तिचे तीन फोन आले.

गर्भपिशवीत गाठी आहेत. रक्त सात पॉइंट दोन. डॉक्टर बाई म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल, आधी दोन बाटल्या रक्त चढवावं लागेल, आणि असंच अंगावर काढलं तर एक दिवस तुम्हाला उचलूनच आणतील. नंतर दीड महिना वजन उचलायचं नाही. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं नि म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंचं काय होईल ते मला विचारता, तुमचं काय होईल ते विचारत नाही."

बोलणं लागलं. योगेंद्र म्हणाले, आधी गोळ्या घेऊन बघ. पुण्याचा धाकटा दीर भूषण म्हणाला, "उषावहिनी, एक बाई ठेवून टाका." बाई ठेवली होती की मार्चमध्ये. आईंनी तिला चोर ठरवून तिच्या अंगावर तांब्या फेकला, ती दुसऱ्या दिवशी आली नाही. मी दवाखान्यात असताना चार दिवस नि नंतर सहा आठवडे आईंपाशी कोण, एवढं जमलं तरच ऑपरेशन. नाहीतर नाही.

जिना चढताना थांबावं लागतं. उन्हामुळे असेल.

१ जुलै, मंगळवार

आज एक गंमत झाली, आधी ती लिहिते.

नाना सुमनबाईंना घेऊन आले. त्यांना पंपाच्या दुरुस्तीसाठी तासभर जायचं होतं, बायकोला ठेवू का म्हणाले. मला नाही म्हणता येईना. त्यांनी आईंना स्टेशनवरून आणलं होतं. ओसरीत दोघींना समोरासमोर बसवलं. आई लगेच पदर सावरून उठल्या.

"ये व बहीन, बठ. कव्हय उनी? जेवन व्हयनं का?"

सुमनबाई म्हणाल्या, "तूच बठ, पाव्हनी तू शे. मी चहा ठेवस."

दोघींना वाटतं घर आपलं आणि समोरची पाहुणी. तासभर एकमेकींना बसा बसा करत होत्या. माझ्याकडे एकदाही आल्या नाहीत, पिशवी घेतली नाही, मालपूर नाही. मी दोन ब्लाउज पूर्ण केले आणि चहा गरम असताना प्यायले. नाना आले तर आई सुमनबाईंच्या कानात सांगत होत्या, "मन्ही सून चोट्टी शे. बठ्ठं दपाडी टाकस." सुमनबाई मान हलवत होत्या. मला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणीही आलं, कशाचं ते नाही सांगता येणार.

संध्याकाळी डोक्यात आलं. आमच्या साक्रीकडे वडलांच्या शेतात निंदणीला सावड असायची. आज तुझ्या वावरात मी, उद्या माझ्या वावरात तू. मजुरी नाही, उपकार नाही. निंदणीला चालतं ते माणसांना का चालू नये?

३ जुलै, गुरुवार

नानांना विचारलं. ते बराच वेळ सुमनबाईंच्या वेणीला गाठ मारत होते. वेणी माझ्यापेक्षा चांगली घालतात. मग म्हणाले, "मी गडी मानूस. आक्काले न्हानी कोन घाली?"

बरोबरच आहे. मग शाळेजवळची दिपमाला आठवली, तिचा सासरा असाच आहे, कपडे फाडतो. बत्तीस वर्षांची पोरगी, मैत्रिणींचे फोन घ्यायचं सोडून दिलंय. तिला सांगितलं, तू सकाळी येऊन आईंना अंघोळ घाल, मी दुपारी तुझ्या सासऱ्यापाशी बसते, तेवढ्यात तू झोप. ती म्हणाली, "काकू, झोपू? दिवसा?" जणू मी तिला सिनेमाला पळवून नेत होते.

१५ जुलै, मंगळवार

सावड चालू होऊन बारा दिवस झाले. मंगळवार-शुक्रवार सुमनबाई आमच्याकडे, सोमवार-गुरुवार आई त्यांच्याकडे. दिपमाला पहिल्याच दिवशी शिकली की आईंना आधी पाण्यात हात बुडवू द्यायचा, मग पाणी आपोआप अंगावर घेतात. एवढी साधी गोष्ट मला आठ महिन्यांत सुचली नाही.

रूपा विचारत होती, घरात रोज परके लोक बरे दिसतात का? मी म्हटलं, मग तू ये. ती म्हणाली, तिच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय.

ऑपरेशनची तारीख घेतली. ११ ऑगस्ट, सोमवार. योगेंद्र चार दिवस सुट्टी काढतील. नाना दिवसभर आमच्याकडे येऊन बसणार, दिपमाला सकाळ-संध्याकाळ, रात्री योगराजभाऊंची मोठी मुलगी झोपायला. लिहून भिंतीवर लावलंय. पहिल्यांदाच वाटलं की हे होईल.

आई: माझा अंगठीचा डबा न्हाणीघरातल्या बादलीत. मोठा टॉवेल उशीच्या अभ्र्यात.

१ ऑगस्ट, शुक्रवार

परवा कानबाई. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. यंदा भाऊबंदांची कानबाई देवी आमच्या घरी बसणार, आणि आईंच्या या अवस्थेत सगळं माझ्यावर. आज रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड गोड भाकरीसाठी, गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, ही मूठ घरातल्या मोठ्या बाईनेच घ्यायची. मी म्हटलं, आईंना जमेल का? त्यांना आज सकाळी मीसुद्धा ओळखू आले नव्हते.

पाटावर बसल्या आणि एकही नाव चुकलं नाही. योगेंद्र, भूषण, योगराज, त्याची पोरं, सगळे सात. समोर असले की योगेंद्रना 'कोन शे हाऊ' विचारतात, पण मूठ मात्र त्यांची पहिली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असंच काहीतरी असावं. मग त्यांनी आठवी मूठ भरली. कोणाची म्हटलं तर सांगता येईना, नुसत्या ओसरीकडे बघत होत्या. ओसरीत नाना सुमनबाईंना शेंगा सोलून देत होते. रूपाने आईंचा हात धरून ती मूठ परत पोत्यात ओतली.

४ ऑगस्ट, सोमवार

लिहायला हात चालत नाही, पण लिहिते.

काल सगळं छान झालं. रात्रभर गाणी. आज सकाळी कानबाईला बुराई नदीवर पोचवायचं होतं. आईंना तेवढं चालवत नाही, म्हणून नाना आणि सुमनबाई त्यांच्यापाशी बसले. मी सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं. नदीवर एकदा डोळ्यांपुढे अंधार आला, दगडावर बसले, कोणाला सांगितलं नाही.

परत आलो तर टोपलीत अकरा रोट झाकून ठेवले होते ते दहाच. सुमनबाईंच्या मांडीवर खाल्ल्याचा चुरा. आईंना विचारलं, रोट पाहुणीला दिला का? "हा, दिधा." चांगला दिला का? "हा, चांगला."

रोट घरच्यांनीच खायचा. बाहेरच्याला तुकडा गेला तर घराची बरकत त्याच्यामागे जाते, हे लहान पोरालाही माहीत. मी गप्प बसायला हवं होतं. पण टोपली माझ्या हातात आणि तोंडातून निघून गेलं, "एक कमी आहे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रूपाने ऐकलं, योगराजभाऊंनी ऐकलं, सगळ्या अंगणाने ऐकलं. योगराजभाऊ नानांना म्हणाले, "तुम्ही जानता मानूस शेतस नाना, तुमले बी नही समजनं?"

नाना म्हणाले, "मी तिले घरनी भाकर दिधी व्हती. पन मिरवणूक देखाले फाटकजवय गऊ व्हतू. मंग काय व्हयनं माले नही सांगता येवाव. चूक मन्ही शे." सुमनबाईंच्या मांडीवरचा चुरा त्यांनी स्वतःच्या हाताने गोळा केला, धोतराच्या सोग्यात बांधला आणि तिला घेऊन गेले.

५ ऑगस्ट, मंगळवार

सुमनबाईंचा दिवस. आले नाहीत. आई दोनदा ओसरीत जाऊन उभ्या राहिल्या.

६ ऑगस्ट, बुधवार

मी नानांच्या घरी गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. म्हणाले, आमच्यामुळे तुमच्या घरात वाद नको, मी आता येणार नाही. मी म्हटलं, नाना, सोमवारी माझं ऑपरेशन आहे. म्हणाले, माहीत आहे, म्हणूनच दोन रात्री झोप नाही. तरी येणार नाही म्हणाले.

योगेंद्रना फोन केला. म्हणाले, "मग दिवाळीनंतर कर, काय बिघडतं?" आणि योगराजभाऊंशी त्यांनी काही बोलू नये असं मीच सांगितलं, ते भावाभावांचं आहे, उगाच वाढेल. ते मनाने चांगले आहेत, लांब असल्यामुळे त्यांना कळत नाही इतकंच.

डॉक्टर बाईंना तारीख रद्द करायला फोन लावला होता, कोणी उचलला नाही. अंगावरून आज फार गेलं. दिपमालाने धुवायच्या चादरी बघितल्या आणि स्वतःच भिजवल्या.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या पौर्णिमा, तिच्या आत रोट संपवायचे. शेवटचे दोन खायला भाऊबंद जमले. ताईबाईही आल्या, आमच्या सगळ्यांत मोठ्या, चुलत सासू, पंच्याऐंशीच्या पुढे. काठी टेकत आल्या आणि रोज इथे दिसणारे नाना आज कुठे हाच पहिला प्रश्न, "धनसिंग कथा शे? रोज आठेच दिखे ना."

योगराजभाऊंनी सगळी हकिकत सांगितली. दिपमाला मागच्या दारात होती. ती पुढे येऊन म्हणाली, "आजी, काकूंचं रक्त सात आहे. सोमवारी ऑपरेशन झालं नाही तर काय होईल ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही." मला तिचा भयंकर राग आला. पण कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे ताईबाईंकडे बघत होते.

ताईबाईंनी रोटाचा तुकडा तोंडात घोळवला. दात नाहीत, वेळ लागतो. मग म्हणाल्या, "खादा ना तिनी रोट?"

"हो ना काकू," योगराजभाऊ म्हणाले.

"मंग आते ती बाहेरनी कशी ऱ्हायनी? रोट खास तो घरना. पुढला साल धनसिंगना नावनी मूठ काढा, व्हयनं."

"काकू, असं कसं? जातपात, कूळ काही..."

"अन् बरकत त्यासना मांगे जाई म्हनतस. त्या तं रोज आठेच बठेल ऱ्हातस. मंग बरकत कथा जाई?" त्या रूपाकडे वळल्या. "नही तं तू बठशी का उषाना जागावर?"

रूपा गुडघा चोळायला लागली. योगराजभाऊंनी थोड्या वेळाने चपला घातल्या आणि मागच्या गल्लीत गेले. अर्ध्या तासाने नाना आणि सुमनबाई त्यांच्याबरोबर आले. नानांनी ताईबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. आई सुमनबाईंना बघून पदर सावरत उठल्या, "ये व बहीन, कव्हय उनी?"

मी आत जाऊन पिठाच्या डब्यापाशी उभी राहून रडले. नंतर तोंड धुऊन सगळ्यांना चहा केला.

१० ऑगस्ट, रविवार

पिशवी भरली. डायरी नेत नाही, नानांना दिली आहे, आईंचं ते लिहितील. मधली पानं वाचू नका म्हटलं. ते म्हणाले, "माले चस्माबिगर दिखत नही, अन् चस्मा लावाव नही."

जाताना आईंच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, कुणाची तू?

११ ते १४ ऑगस्ट

(धनसिंग यांच्या हातचे) सोम: आक्का बरी. भाकर दीड. मंगळ: बरी. सुमन सोबत गाणे म्हटले. बुध: सून कोठे गेली विचारले तीन वेळा. गुरु: सून कोठे गेली पाच वेळा. दार उघडून बसली.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल घरी आले. टाके ओढतात, उभं राहून लिहिता येत नाही, म्हणून पडून लिहिते आहे. गाठी साध्याच निघाल्या. ऑपरेशनच्या वेळी थोडं जास्तच रक्त गेलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, दिवाळीपर्यंत थांबला असतात तर तुम्ही नाही, तुमच्या घरच्यांनी दिवाळी केली असती. मी हे योगेंद्रना सांगितलं नाही. त्यांनी दवाखान्यात मला भरवलं, लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा. ते आज दुपारच्या गाडीने सुरतेला गेले.

ओसरीत दोघी बसल्या होत्या. आई मला बघून म्हणाल्या, "ये व माय, बठ. थकी गयी तू." सुमनबाई सरकून जागा देऊ लागल्या. मला कोणी ओळखलं नाही, पण दोघींनी पाहुणचार मनापासून केला.

आज सकाळी दिपमालाने अंघोळीनंतर आईंना नेसवायला कपाटाच्या खणातलं ठेवणीतलं लुगडं काढलं, तर घडीतून काहीतरी खाली पडलं. माझ्याच शिवणाच्या कापडात गुंडाळलेलं. तिने उचलून माझ्या हातात दिलं आणि पाणी बघायला न्हाणीघरात गेली. मी उघडलं. अख्खा रोट. कडेला हिरवट बुरशी, पण एक कणही मोडलेला नाही.

आईंनी माझ्या हातून तो घेतला, पदराआड धरला.

"कोणाचा आहे?"

"मन्ही सूनना. सकायपाईन उपाशी शे ती. कानबाईले लई नदीवर गयी, आजून उनी नही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाकीन्या खाई टाकतीन, म्हनीसन दपाडी ठेवा."

तेरा दिवस त्या दार उघडून कोणाची वाट बघत होत्या ते आत्ता कळलं. कात्री, डबा, टॉवेल, सगळं माझ्याच नावाने कुठे कुठे ठेवत असतील का, हेही मनात आलं, पण ते आता विचारून उपयोग नाही.

रोट त्यांच्याकडून मागून घेतला, मधला चांगला भाग बघून चिमटीएवढा तुकडा मोडून खाल्ला. बाकीचा उद्या दिपमालाला तुळशीत पुरायला सांगणार आहे, जुनी भाकरी आहे म्हणून. सुमनबाईंनी त्या दिवशी नानांच्या डब्यातली भाकरीच खाल्ली होती. आमचा रोट बाहेर गेलाच नव्हता. हे मी रूपाला सांगणार नाही, ताईबाईंना नाही, नानांना तर मुळीच नाही. पुढल्या श्रावणात आठ मुठी निघतील.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू नदीकडथीनच उनी ना माय? मन्ही सून दिखनी का तुले?"

"दिखनी," मी म्हटलं. "येई ऱ्हायनी."